भिंतीपलीकडची बाई

ते प्रकरण माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही, आणि जाईल असं वाटतही नाही. वास्तविक त्याची नोंद कुठल्याच ठाण्याच्या दप्तरात सापडणार नाही. गुन्हा रजिस्टरला नंबर नाही, स्टेशन डायरीत ओळ नाही, आणि तपास अधिकाऱ्याच्या अंगावर वर्दीऐवजी बायकोने विणलेला स्वेटर आणि जावयाची कानटोपी. पण सगळ्यात अवघड चौकशी कोणाची केलीत असं कुणी विचारलं, तर मी नाशिकच्या दरोडेखोरांकडे बोट दाखवत नाही. मी माझ्या जावयाची केली, असं सांगतो. नाव मात्र सांगत नाही. ती सवय नोकरीपासूनची आहे.

मुलगी आणि जावई जर्मनीत, श्टुटगार्टजवळच्या गेर्लिंगेन गावात राहतात. दोघंही पुण्याची. मुलगी सॉफ्टवेअरमध्ये, जावईबापू मेकॅनिकल इंजिनिअर. गाडीचे भाग धावताना किती थरथरतात आणि त्या थरथरीने कधी तुटतात हे मोजणं हे त्यांचं काम. एवढं वाक्य वाचकांनी खिशात ठेवावं, पुढे लागणार आहे.

त्यांचं घर म्हणजे एका जुन्या घराचा अर्धा भाग. दुसऱ्या अर्ध्यात मालकीणबाई राहतात. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या, औषधाच्या दुकानात आयुष्य काढलेल्या. शिस्तीच्या फार. तिकडे जिना, अंगण आणि समोरचा फुटपाथ झाडायची पाळी आठवड्याने फिरते, आणि पाळी ज्याची त्याच्या दाराला तशी पाटी लटकते. आपली पाळी नसतानाही बाई झाडलेलं नजरेखालून घालायच्या. आमच्या सौभाग्यवतींना त्या पहिल्याच दिवशी आवडल्या.

आम्ही पोचलो तेव्हा दिवाळी तोंडावर होती आणि फराळ तयार होता. हिने चकलीचा तुकडा मोडला, चावला, आणि भुवई वर केली. विकतच्या पिठाची ही चव नाही, भाजणी कुठून आणलीस, असं तिने लेकीला विचारलं. लेक म्हणाली, घरचीच, आणि लगेच विमानप्रवास कसा झाला ते विचारू लागली. प्रवासाचं तिने आधी दोनदा विचारलं होतं. मी ऐकलं आणि सोडून दिलं. तपासात असं नेहमी होतं. पहिला साक्षीदार गुन्हा दाखल होण्याआधीच बोलून जातो, आणि आपण चकली खात असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकीणबाई आल्या. दरवर्षी शरदात त्या डॉक्टरच्या चिठ्ठीने काही आठवडे आरोग्यधामात राहायला जातात. तिकडे त्याला कूर म्हणतात. त्या काळात त्यांच्या घराची किल्ली मुलीकडे असते, कुंड्यांना पाणी घालायला. त्या आदल्या दिवशी परतल्या होत्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. त्यांच्या बैठकीच्या खोलीत त्यांच्या घराण्यातल्या एका बाईचं जुनं चित्र होतं. ते त्यांच्या म्हणण्याप्रमाणे कुणीतरी बदललं होतं. खरं नेऊन तिथं नक्कल लावली होती. किल्ली फक्त एकाच घरात होती. शिवाय समोरच्या खिडकीतल्या म्हाताऱ्या शेजाऱ्याने त्यांना सांगितलं होतं की तुम्ही नसताना रविवारी माणसं येत होती, भरलेल्या पिशव्या घेऊन येत होती आणि भरलेल्या पिशव्या घेऊन जात होती. इतकी वर्षं चांगले भाडेकरू म्हणून त्या सोमवारपर्यंत थांबायला तयार होत्या. सोमवारी पोलिसांत जाणार.

हे सगळं मुलगी मला मराठीत सांगत होती आणि तिचा आवाज खाली खाली जात होता. मी मनात नोंद केली की या केसमध्ये दुभाषी संशयिताची बायको आहे.

बाई गेल्यावर जावई खुर्चीत बसले ते बसलेच. त्यांचा नागरिकत्वाचा अर्ज नुकताच दाखल झाला होता. पोलीस चौकशी सुरू झाली की ती संपेपर्यंत अर्ज बाजूला पडतो, असं त्यांनी मला सांगितलं. नोकरीच्या ठिकाणी कळणार, मराठी मंडळात कळणार. "बाबा, आम्ही त्या चित्राला हातसुद्धा लावलेला नाही," ते म्हणाले. ते खरं बोलत होते. पण बोलून झाल्यावर त्यांनी बायकोकडे पाहिलं, आणि ते पाहणं मला आवडलं नाही. नवरा-बायकोचं असं पाहणं मी शेकडो वेळा पाहिलंय. काहीतरी आपसात ठरलेलं असतं तेव्हाच माणसं तसं पाहतात.

मी हिला म्हटलं, मला घटनास्थळ बघायचंय. ही म्हणाली, अहो, तुम्ही रिटायर झालात. मी कानटोपी घातली.

मालकीणबाईंनी मला आत घेतलं ते बहुधा मी परका माणूस असूनही दारात बूट काढले म्हणून. मुलगी सोबत होती. पोलीस अधिकारी होतो हे कळल्यावर बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि 'आल्झो' म्हणून खोलीकडे हात केला. म्हणजे, चला तर मग.

चित्र हातभर उंचीचं. निळसर रेशमी पोशाखातली एक तरुण बाई, केस वर बांधून पांढरे केलेले, गळ्याशी लेस. रोकोको म्हणतात त्या काळातलं. राजेरजवाड्यांच्या नखऱ्याचा काळ. बायकाच काय, पुरुषही केसांना पावडर फासून दरबारात जायचे. आतापर्यंत मला जुनं चित्र म्हणजे तैलचित्र एवढंच ठाऊक होतं. हे पेस्टल होतं, म्हणजे रंगीत खडूचं. बाईंना त्याबद्दल विचारलं आणि त्यांचा राग थोडा बाजूला झाला. आवडत्या वस्तूबद्दल विचारलं की फिर्यादी सरळ बोलू लागतो, हा माझा अनुभव तिकडेही खरा ठरला.

त्यांनी सांगितलं ते असं. तेल नाही, पाणी नाही, वाळायची वाट बघणं नाही. चित्रकार खडूंची पेटी घेऊन गावोगाव, दरबारोदरबारी फिरायचे. त्यांत बायकाही होत्या आणि चांगल्या नावाजलेल्या होत्या. थोड्या बैठकांत चेहरा कागदावर उतरायचा. रंग बोटांनी मिसळायचा. पावडर लावलेल्या चेहऱ्याचं चित्र पावडरनेच काढायचं, म्हणून ती कांती इतकी खरी वाटते. रंग पक्का बसावा म्हणून वरून डिंकाचं पाणी मारलं तर सगळा मऊपणा मरतो, त्यामुळे पुष्कळ जण ते मारतच नसत. नुसती पूड, कागदाच्या खरखरीवर टेकलेली. वर काच, आणि आत काही शिरू नये म्हणून कडा मागून कागदाच्या पट्टीने चिकटवलेल्या. मी नाशिकला असताना बागेतल्या द्राक्षांवर पांढुरकी लव पाहिली होती. बोट लागलं की जाते आणि पुन्हा येत नाही. हे तसंच दिसलं मला.

"बदललंय हे तुम्हाला कशावरून वाटतं?" मी विचारलं.

बाई चित्रासमोरच्या खुर्चीत बसल्या. "रोज सकाळी मी इथे कॉफी घेते. ती माझ्याकडे बघते. लहानपणापासून बघते. आता बघत नाही."

मी जवळ गेलो. खरंच बुबुळं नुसती तपकिरी होती. गालावर लालीची सावली तेवढी उरली होती, ओठ कोरडे. बाईंकडे भिंतीवरच्या त्याच चित्राचा जुना फोटो होता. त्यात दोन्ही डोळ्यांत एकेक पांढरा ठिपका होता आणि त्या ठिपक्यामुळे सगळा चेहरा जिवंत होता.

आता पंचनामा. मी त्यांच्या परवानगीने चित्र उतरवलं. आडवं धरा, आडवं, असं त्या तीनदा म्हणाल्या. युद्धात श्टुटगार्टवर बाँब पडत होते तेव्हा त्यांच्या आजीने तळघरात हे चित्र मांडीवर आडवं धरून रात्री काढल्या होत्या, कारण धक्का बसला की रंग सुटतो. चौकटीच्या एका कोपऱ्याचा टवका उडालेला होता. तो आपणच लहानपणी चेंडूने उडवला, हे बाईंनी न विचारता सांगितलं. म्हणजे चौकट तीच. मग मी मागची बाजू पाहिली. कागदी पट्टी जुनी, पिवळी, अखंड. पट्टी आणि लाकूड यांवरून धुळीचा एकच थर सलग गेलेला. मुद्देमालाच्या खोलीत मी किती पुडक्यांची सीलं तपासली असतील त्याला हिशोब नाही. सील फोडून पुन्हा लावलेलं लपत नाही. हे सील कुणी उघडलेलं नव्हतं.

चौकट तीच, सील अखंड, म्हणजे आतली बाईही तीच. मी तसं सांगितलं. शिवाय नक्कल करणारा चोर डोळ्यांतला ठिपका विसरेल का? तो तर सगळ्यात आधी तोच काढेल.

बाईंचा प्रश्न बिनतोड होता. मग काय, ती इतक्या आठवड्यांत म्हातारी झाली?

मी टॉर्च मागितला. काचेच्या आत, खालच्या कडेला, चौकटीच्या खाचेत गुलाबी-पांढरी बारीक रेघ दिसली. ठसेतज्ज्ञ ब्रशने पूड फासतात आणि जास्तीची खाली झटकतात, तशी. नोकरीत ती पूड मी इतकी पाहिलीय की ओळखायला वेळ लागला नाही. लाली चोरीला गेलेली नव्हती. ती तिथेच, बाईच्या पायाशी पडली होती.

मला वाटलं प्रकरण मिटलं. मालकीणबाईंना तसं वाटलं नाही. रंग सुटला म्हणजे धक्का बसला. आपोआप बसत नाही. कुणीतरी तिला उतरवून इकडे तिकडे नेलं असणार, फोटो काढायला, विकायला दाखवायला, आणि परत आणून लावलं असणार. ती पिशव्यांची माणसं उगाच आली होती का? सोमवार अजून सोमवारच होता.

घरी येऊन मी चहा ठेवायला सांगितला आणि जावयांना समोर बसवलं. आमच्या धंद्यात चौकशीची एक साधी रीत आहे. चहा द्यायचा आणि गप्प बसायचं. निर्दोष माणूस चहा पितो. लपवणारा माणूस कप फिरवत राहतो. जावयांनी कप इतका फिरवला की बशी वाजू लागली.

बाई नसताना रविवारी कोण आलं होतं, असं मी विचारलं. कुणीच नाही, म्हणाले. थोड्या वेळाने मी तोच प्रश्न दुसऱ्या बाजूने विचारला, तर एकदा दोन मित्र आले होते. स्वयंपाकघरात लेकीला विचारलं, तर ती म्हणाली, मंडळाच्या मीटिंगला चार-पाच जण आले होते. मी परत बाहेर आलो.

"जावईबापू, चित्राचं तुम्ही खरं बोलताय. पिशव्यांचं खोटं बोलताय. सोमवारी तिकडचा पोलीस विचारेल तेव्हा त्याला हे दोन वेगळे कप्पे दिसणार नाहीत. तो म्हणेल, माणूस खोटं बोलतोय, म्हणजे चोर आहे."

ते लाल झाले. "बाबा, त्याचा ह्याच्याशी काहीएक संबंध नाही. इट्स अ होम मॅटर. प्लीज."

मुलीच्या बापाने ऐकलं असतं तर तिथे उठला असता. मी पोलिसाच्या कानाने ऐकलं. संबंध नाही असं माणूस ज्याच्याबद्दल एवढ्या जोरात सांगतो, तिथेच आम्ही कुदळ मारतो.

खबरी समोरच्याच खिडकीत होता. खिडकीच्या कट्ट्यावर उशी, उशीवर कोपरं, आणि दिवसभर रस्त्यावर नजर. असा एकेक माणूस मला प्रत्येक बीटमध्ये मिळाला असता तर निम्मे गुन्हे झाले नसते. त्याला इंग्रजी बेताचं येत होतं, मला जर्मन येत नव्हतं, म्हणजे बरोबरी होती. मी खालून हाक मारून बोललो. किती माणसं आली, काय कपडे होते, हे त्याने सांगितलं. ते मी बाजूला ठेवलं. माझा प्रश्न वेगळा होता. पिशव्या येताना जड होत्या की जाताना?

त्याने विचार केला. सारख्याच, म्हणाला. पण जाताना माणसं त्या वेगळ्या धरत होती. थंडी होती, तरी हातमोजे काढून पिशवी छातीशी धरत होती. एक बाई तर तिच्यावर गाल टेकवून गेली. त्याला ते फार विचित्र वाटलं होतं, आणि म्हणूनच लक्षात राहिलं होतं.

मी रस्त्यात उभा राहून हसलो. तो काय समजला असेल कोण जाणे. गाल टेकवावा इतकं ऊबदार, येतानाएवढंच वजन, आणि घरात विकतची चव नसलेली चकली. लहानपणी गिरणीतून मी डबा आणायचो तेव्हा थंडीत असाच पोटाशी धरून आणायचो. ताजं दळलेलं पीठ गरम असतं.

घरात शिरलो तो थेट मागच्या अडगळीच्या खोलीत. रिकाम्या बॅगा भिंतीशी एकावर एक रचल्या होत्या, त्यांच्याखाली चादर. मी बॅगा उतरवल्या आणि चादर ओढली. खाली घरघंटी. लाकडी कपाटासारखी, पुण्याची, जावयांच्या आईने लग्नात दिलेली. कंपनीने सामान हलवलं तेव्हा समुद्रातून आली होती. ती जर्मनीत आलीय हे मी विसरूनच गेलो होतो. ही भिंत आणि मालकीणबाईंची बैठक यांच्यामध्ये फक्त लाकडी पट्ट्या आणि पातळ बोर्ड. एकाच घराचे दोन भाग करताना घातलेला आडोसा. मी मुलीला पलीकडे पाठवलं आणि अलीकडून टकटक केली. तिने तिथून ओरडून सांगितलं की आवाज चित्राच्या खिळ्याखालीच आला.

मग दोघं बसली आणि सगळं बाहेर आलं. भाड्याने घर घेताना बाईंनी विचारलं होतं, मोठ्या आवाजाचं मशीन काही आहे का. हे दोघं म्हणाले होते, छोटं किचन मशीन आहे, शनिवारी सकाळी थोडा वेळ. तिकडे दुपारी आणि रविवारी आवाज करायचा नसतो, तेही सगळं पाळू, असा शब्द दिला होता आणि तो पाळलाही होता. पण या वर्षी बाई दिवाळीआधीच कूरला गेल्या. आडकाठी नाही म्हटल्यावर लेकीने एकीला सांगितलं, एकीने दुसरीला. मग श्टुटगार्ट, झिंडेलफिंगेन, कुठून कुठून लोक भाजलेली डाळ-तांदळाची पिशवी घेऊन येऊ लागले. तिकडे चकलीची भाजणी कुठे मिळणार? दोन आठवडे शनिवार-रविवार दिवसभर घरघंटी चालली. रविवारी मशीन चालवलं हे कळलं तर बाई घर सोडायला सांगतील, या भीतीने दोघांनी ठरवलं की दळणाचं अवाक्षर काढायचं नाही.

मी जावयांना म्हटलं, "तुम्ही ऑफिसात काय मोजता?"

त्यांनी आधी घरघंटीकडे पाहिलं, नंतर भिंतीकडे. मग म्हणाले, "व्हायब्रेशन." आणि डोकं धरलं.

सौ. दारात उभी होती. दिव्याखाली अंधार म्हणतात ते हेच, असं म्हणून ती चकल्यांचा डबा बंद करायला गेली.

खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. जावई हुशार आहेत, त्यांनी हिशोब मांडला. चोरी झालेली नाही हे सिद्ध होतंच आहे. चित्र कुणी उतरवलं याला पुरावा नाही, कारण उतरवलंच नाही. म्हणजे गप्प बसलो तर सोमवारच्या तक्रारीतून काही निघणार नाही. उलट आता सांगितलं तर चोर नाही पण नुकसान करणारे आपणच, आणि शब्द मोडणारेही आपणच. घरही जाईल. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही आत्तापर्यंत आमच्यासाठीच केलंत ना? मग इथेच थांबू या." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मला ते बघवत नव्हतं.

तपास मुलीच्या दारापाशी आला की थांबवायचा, असं मला शिकवलेलं नाही. पण हे तिला मी असं सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, की पलीकडे एक बाई सकाळी कॉफी घेऊन बसते आणि तिला वाटतं की तिला ओळखणारी माणसं चोर आहेत. दळणाचं सांगितलं तर ती रागावेल. नाही सांगितलं तर ती आयुष्यभर घाबरेल. आणि जावयांना म्हटलं, मला दुभाषी नको, मी बोलणारच नाही. जर्मन तुम्हाला येतं.

रविवारी दुपारच्या कॉफीला आम्ही पलीकडे गेलो. जावई उभ्या उभ्याच बोलले. मला शब्द कळत नव्हते, पण कबुलीजबाब कुठल्याही भाषेत सारखाच असतो. आधी माणूस भराभर बोलतो, मग अडखळतो, आणि मूळ गोष्ट आली की आवाज एकदम साधा होतो. बाई मध्येच 'मोमेंट' म्हणाल्या. त्यांचा विश्वास बसत नव्हता. पिठाने? भिंतीपलीकडून?

मग आम्ही घटनेची पुनर्रचना केली. चित्र आडवं टेबलावर ठेवलं. मुलीच्या घरातल्या एका फोटोफ्रेममध्ये काळा जाड कागद घातला. सौ.ने आपल्या टाल्कम पावडरच्या डब्यातून ब्रशने त्यावर पावडरचा हलका हात फिरवला, वर काच लावली, आणि फ्रेम त्याच खिळ्याला टांगली. रविवार असल्यामुळे जावयांनी परवानगी मागितली. बाईंनी मान हलवली. पलीकडे घरघंटी सुरू झाली.

सुरुवातीला काहीच झालं नाही. नुसती घरघर, भिंतीतून येणारी. मग काळ्या कागदावर एक पांढरी वाट दिसू लागली. पावडर खाली सरकत होती, अगदी हळू. बाई उठल्या, त्यांनी तळहात भिंतीला लावला, आणि तसाच ठेवला. त्या काय म्हणाल्या ते मुलीने मला मागाहून सांगितलं. शनिवारी सकाळी त्यांच्या कानात अशीच घरघर व्हायची. डॉक्टर म्हणाले वयाचं आहे. कूरमध्ये ती थांबली, तर त्यांना वाटलं गुण आला.

घरघंटी बंद झाल्यावर त्या खुर्चीत बसल्या. चोर असता तर सोपं गेलं असतं, त्या म्हणाल्या, चोरावर रागावता येतं. मग जावयांकडे बघून जे म्हणाल्या ते मुलीने मला तिथेच मराठीत सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज फुटला.

"मला आधी विचारलं असतं, तर मी तिला उतरवून ठेवलं असतं."

मलाही वाईट वाटलं, आणि ते मी लपवलं नाही. एवढी शेकडो वर्षं, दोन युद्धं, तळघरं पार करून आलेली बाई. तिच्या डोळ्यांतले दोन ठिपके आमच्या चकल्यांनी पाडले.

सोमवारी बाई पोलिसांत गेल्या नाहीत. त्याऐवजी श्टुटगार्टहून जुनी कागदी चित्रं सांभाळणाऱ्या एक तज्ज्ञ बाई आल्या. त्यांनी सांगितलं की रंग आधीच सैल होत आला होता, थरथरीने उरलेलं काम केलं. ठिपके, लाली, लेसची टोकं हे सगळं चित्रकार शेवटी, सगळ्यात वरून, हलक्या हाताने ठेवतो, म्हणून पडतंही तेच आधी. पडलेलं परत बसवता येत नाही. हवं तर नवे ठिपके देता येतील. मालकीणबाई नको म्हणाल्या. दुसऱ्याची नजर तिला नको. चौकट उघडून खाचेतली पूड काढली तेव्हा बाईंनी ती औषधाच्या दुकानातल्या सवयीने कागदाच्या पुडीत बांधली. घडी अशी, की आमच्या मुद्देमाल कारकुनाने बघून शिकावी. पुडी त्यांनी चित्राच्या खालच्या फडताळात ठेवली. जावयांना घर सोडायला सांगितलं नाही. महिनाभर त्यांच्याशी बोलल्याही नाहीत, फक्त फुटपाथ नीट झाडला नाही एवढं सांगायला एकदा आल्या.

नोकरीत मी समजत होतो की गुन्हेगार आणि निर्दोष यांच्यातला फरक मला कपाळावरून वाचता येतो. येतोही बऱ्यापैकी. पण निर्दोष माणूस एखादी बारीकशी चूक झाकायला बसला की तो सराईत चोरासारखाच दिसतो. मोठा गुन्हा लपवणारा तयारीने येतो, छोटी चूक लपवणाऱ्याची तयारीच नसते. मी अजूनही नवीन पोरांना भाषण द्यायला जातो तेव्हा सांगतो की संशयित खोटं बोलला म्हणून लगेच हर्षवायू होऊ देऊ नका, आधी तो नेमकं कशाबद्दल खोटं बोलतोय ते बघा. पोरं वहीत लिहून घेतात. घरघंटीचं मात्र मी त्यांना सांगत नाही, हसतील.

पुढच्या दिवाळीला आम्ही परत गेलो. जावयांनी घरघंटी तळघरात नेली होती, खाली जाड रबर घातलं होतं, आणि बाईंच्या भिंतीवर स्वतःचं यंत्र लावून मोजूनही दाखवलं होतं की तिकडे आता काहीच पोचत नाही. बाईंनी आलेख नीट पाहिला, 'गेनाऊ', म्हणजे अगदी बरोबर, म्हणाल्या, आणि तरीही चित्र खिळ्यावरून काढलं. या वर्षी त्या दळण झाल्यावरच कूरला जाणार होत्या. शनिवारी सकाळी लोक पिशव्या घेऊन येऊ लागले. प्रत्येक जण आधी स्वयंपाकघरात डोकावून त्यांना नमस्कार करत होता, कारण त्या आमच्या मुलीच्या स्वयंपाकघरात खुर्चीवर ताठ बसल्या होत्या, मांडीवर चित्र आडवं धरून, आजीने धरलं होतं तसं.

मी वाकून पाहिलं. चित्रातली बाई छताकडे बघत होती. म्हणजे बघत नव्हतीच, पण मालकीणबाईंचा अंगठा काचेच्या कडेवर होता, आणि समोर बशीत अर्धी खाल्लेली चकली. जावयांनी तळघराच्या जिन्यातून हाक मारून विचारलं, "सुरू करू का?"

बाईंनी दोन्ही हातांनी चौकट घट्ट धरली आणि हो म्हणाल्या.